मागच्या दाराची खुर्ची

भिवंडीजवळच्या आमच्या वळ गावात मुलगी द्यायची ठरली की घर बघायला केसरीनाथ तरेंना घेऊन जायची पद्धत होती. सगळे त्यांना केसरीदादा म्हणतात. मुलाची नोकरी, शिक्षण, पत्रिका हे बाकीचे बघायचे; केसरीदादा घर बघायचे. म्हणजे पुढच्या खोलीतल्या सोफ्याकडे ते ढुंकूनही पाहत नसत. चहा-पोहे झाले की "हात धुवायचेत जरा" म्हणून उठायचे आणि सरळ मागच्या दाराला जायचे. पुढचं दार पाहुण्यांसाठी सजवतात, मागचं दार घरातल्या बायकांच्या वाट्याला येतं, असं त्यांचं म्हणणं. मोरीत पाणी तुंबलंय का, कोपऱ्यात बसलेली म्हातारी जेवली का, मागची वाट मोकळी आहे का, एवढं बघून ते परत यायचे आणि मान हलवायचे. ती मान आडवी हलली की सोयरीक मोडली. कित्येक बापांनी मनातल्या मनात त्यांना शिव्या घातल्या असतील. पण घर बघायला नेताना त्यांनाच नेलं.

अशा माणसावर म्हातारपणी स्वतःच्या बायकोसाठी घर बघायची पाळी आली.

कमळकाकूंची आठवण हळूहळू गेली. नातवंडांची नावं गेली, मग सून रुचिका कोण ते गेलं, मग आपला नवरा म्हणून बंगल्यात फिरतो हा पांढऱ्या केसांचा माणूस कोण, तेही गेलं. राहिलं ते फार जुनं. दुपार झाली की त्या तांदळाची भाकर फडक्यात बांधायच्या आणि शेतावर निघायच्या. शेत कसलं आलंय आता! वळमध्ये भाताचं खाचर शोधायला गेलं तर पत्र्याची शेड सापडते. काकू सर्व्हिस रोड ओलांडून, कंटेनरच्या रांगेतून वाट काढत जायच्या आणि दिसेल त्या गोदामाच्या वॉचमनच्या हातात भाकर द्यायच्या. "त्येना दे," एवढं सांगून परत फिरायच्या. कोणाला द्यायची ते वॉचमनला काय ठाऊक? तो बिचारा खाऊन टाकायचा.

एकदा एका ट्रेलरने ब्रेक मारला तो काकूंच्या अगदी पुढ्यात. ड्रायव्हर त्यांना हाताला धरून बंगल्यावर घेऊन आला, तेव्हा काकू शांत होत्या आणि घाबरलेला तोच होता. "बाऊजी, माताजी को अकेली मत छोड़ो," म्हणाला. केसरीदादा त्याला पाणीसुद्धा विचारायला विसरले.

अकेली कुठे सोडत होते ते? पण बायपास झालेला माणूस तिच्यामागे धावणार किती? मुलगा प्रितेश पोरांच्या शाळेसाठी ठाण्याला राहायला गेला होता. कामाला ठेवलेल्या बायका टिकत नव्हत्या. कुलूप लावलं की काकू दारावर डोकं आपटायच्या. तेव्हा केसरीदादांनीच प्रितेशला फोन करून सांगितलं, "हिच्यासाठी एकादा घर बघू." फोन ठेवल्यावर त्यांना रडू आलं, आणि बंगल्यात काकूंशिवाय ऐकायला कोणी नव्हतं म्हणून ते मोठ्याने रडले.

भिवंडीत बघितलेलं पहिलं घर लूमच्या कारखान्यावर होतं. दिवसभर खालून खडखड, आणि वर म्हाताऱ्या पलंगावर त्या तालात हलतायत. दुसरं पडघ्याच्या बाजूला, बाहेर कारंजं, फुलझाडं, आत प्रत्येक खोलीला बाहेरून कडी. दोन्हीकडे प्रितेशला एसी आणि कॅमेरे पसंत पडले, आणि दोन्हीकडे केसरीदादांची मान आडवी हलली. "बाबा, आपण सोयरीक नाही करत आहोत," प्रितेश वैतागून म्हणाला.

"मंग काय करतोय?" केसरीदादा म्हणाले. "द्यायचीच हाय ना तिला परक्याच्या घरी?"

तिसरं घर डॉक्टरांनी सुचवलं. नाव 'ओसरी', फक्त बायकांसाठी. गाडी हायवेवरून आत वळली, मग डावीकडे, मग गोदामांच्या भिंतींमधून कुठे कुठे. हल्ली सगळे रस्ते सारखे, सगळ्या भिंती सारख्या. इथे जन्मलेल्या माणसालाही आपण गावाच्या कुठल्या अंगाला आहोत ते कळत नाही. केसरीदादांनी तर बाहेर बघायचंच सोडून दिलं होतं.

ओसरी चालवणारी मृणाली तिशीतली, नर्सिंग केलेली, बोलायला फटकळ. कौतुकाचं एक वाक्य तिने स्वतःहून उच्चारलं नाही, तिथेच ती केसरीदादांना बरी वाटली. प्रितेशला फोन आला म्हणून तो पुढच्या खोलीत थांबला आणि दादा एकटेच बघायला निघाले. त्यांनी म्हाताऱ्यांच्या हातांची नखं बघितली, कापलेली होती. कपडे बघितले, जिचे तिच्या अंगावर होते. संडासात भिंतीला धरायला दांडा होता आणि दादांनी तो सगळा भार टाकून ओढून पाहिला. एका रिकाम्या पलंगाजवळची बेल त्यांनी उगाच दाबली. ललिता नावाची मदतनीस ओले हात घेऊन धावत आली आणि पलंगावर कोणी नाही हे बघून भडकली.

"काय बाबा, पोरखेळ हाय काय? तिकडं आजीला अंघोळ घालतेय, दुसऱ्या बाईला धरायला उभी करून आलेय मी!"

दादा खूश झाले. आधी आली आणि मग रागावली, हे त्यांच्या हिशेबात फार मोठं होतं.

स्वयंपाकघरात बोंबलाचं कालवण शिजत होतं. एक बाई ताटलीत एकेका बोंबलाचा काटा काढत बसली होती. "मासं देता?" दादांनी विचारलं.

"आगरी-कोळी बायका आहेत इथे. मासे नाही दिले तर मलाच खातील," मृणाली म्हणाली.

केसरीदादांचा जीव कितीतरी दिवसांनी भांड्यात पडला. मनातल्या मनात त्यांनी काकूंचा पलंग खिडकीजवळ लावूनसुद्धा टाकला. मग सवयीने म्हणाले, "हात धुवायचेत जरा. मागच्या दाराला."

मृणालीचा चेहरा उतरला. "बेसिनवर धुवा ना."

"न्हाय. मागच्या दाराला."

तिने त्यांना मागच्या दाराशी नेलं आणि दार ढकललं. ते वीतभर उघडलं आणि ठक्‌ करून थांबलं. फटीतून निळे ड्रम दिसत होते, एकावर एक रचलेले, आणि नेलपॉलिशसारखा उग्र वास आत आला. "आग लागली तर पलंगावरच्या बायकांना बाहेर काढायची वाट हीच आहे," ती म्हणाली. "पुढच्या दाराला पायऱ्या आहेत, तिथून सगळ्या निघणार नाहीत. मागच्या गाळ्यावाल्याने गल्ली अडवलीय. मी भांडते, तो दोन दिवस उचलतो, पुन्हा आणून ठेवतो. म्हणतो, आमच्या मालकाला चालतं. मालक कोण ते कोणी सांगत नाही. तुम्ही विचारलं म्हणून दाखवलं. नसतं विचारलं तर दाखवलं नसतं, खोटं कशाला बोलू?"

केसरीदादांनी फटीला डोळा लावला. ड्रमांच्या वर पत्र्याची शेड होती. शेडचा एक कोपरा तिरका कापलेला होता, आणि त्या कापलेल्या जागेतून उंबर वर गेला होता.

गोदाम बांधायच्या वेळी कंत्राटदार उंबर तोडायला निघाला होता. कमळकाकू झाडाला पाठ लावून उभ्या राहिल्या होत्या. शेवटी शेडचाच कोपरा कापावा लागला. साऱ्या वळमध्ये तो 'कापल्या कोपऱ्याचा गाळा' म्हणून ओळखला जातो. तो केसरीनाथ तरेंचा गाळा आहे. इथे शेत होतं तेव्हा दुपारी भाकर घेऊन काकू याच उंबराखाली यायच्या.

आमच्याकडे गाळेमालकांची एक रीत आहे. गाळा दिला, करार झाला, की शटरकडे बघायचं नाही. आत चपला भरतायत की साबण की आणखी काय, हे विचारणं हलकेपणाचं समजतात. केसरीदादा तर करारावर सही करायलाही घराबाहेर पडत नसत, प्रितेश सगळं बघायचा. गेल्या कित्येक वर्षांत ते त्या बाजूला फिरकले नव्हते. दुसऱ्यांची मागची दारं बघत हिंडले, आणि स्वतःच्या शेताची मागची बाजू बघायची तेवढी राहिली.

त्यांनी मृणालीला काही सांगितलं नाही. लाज वाटली. हात न धुताच ते गाडीत येऊन बसले.

"हे तरी आवडलं ना?" प्रितेशने गाडी सुरू करता करता विचारलं.

"घर चांगला हाय. मागचा दार उघडत न्हाय."

"का? कोणी बंद केलंय?"

"आपण," केसरीदादा म्हणाले.

प्रितेशला समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर तो म्हणाला, "बाबा, माल भाडेकरूचा आहे. आपण शटरच्या आत बघत नाही, तुम्हीच शिकवलंय."

"शटरच्या भायेर हाय तो. आन आत काय हाय ते पन बघायला पायजे होता." मग आवाज चढला. "तुझी आई त्या दाराच्या आत निजनार हाय. आग लागली तर ती कुठून पलेल? तो गाला खाली कर, भाडेकरूला काढ."

"एवढं सोपं नाही ते. करार आहे. नोटीस द्यावी लागेल. त्यापेक्षा आपण आईसाठी दुसरं बघू ना, पनवेलला एक आहे."

"आन बाकीच्या बायांनी काय करायचा? त्यांना पन पनवेलला नेशील?"

प्रितेशने गाडी हायवेला घातली. तो वाईट मुलगा नाही. त्याने त्याच आठवड्यात नोटीस दिली, भाडेकरूला फोनवर झापलं आणि गल्ली मोकळी करून घेतली. पण गाळा रिकामा व्हायला महिने लागणार होते, आणि दुसऱ्याच दिवशी दादा बघायला गेले तर ड्रम पुन्हा दाराला टेकलेले. त्यांनी गाळ्याच्या मॅनेजरला बोलावलं. मॅनेजरने म्हाताऱ्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"चाचा, कुछ नहीं है, केमिकल है. आपको जो बोलना है सेठ से बोलो."

"सेठ मैं हूँ."

मॅनेजर हसला. त्याचा तरी काय दोष? सेठला त्याने कधी पाहिलंच नव्हतं. दादांनी प्रितेशला फोन लावून त्याच्या कानाला दिला, तेव्हा त्याचं हसू थांबलं. हमाल आले, ड्रम उचलले. ते गल्लीच्या बाहेर जाईपर्यंत दादा उन्हात उभे राहिले. मग त्यांनी ओसरीचं मागचं दार बाहेरून ठोठावलं. ललिताने ते उघडलं, पूर्ण, भिंतीला लागेपर्यंत.

"एक खुर्ची दे गं," दादा म्हणाले. "आता मी हितंच बसतो."

मृणाली बाहेर आली. तिला त्यांनी तिथे खरं काय ते सांगितलं. ती रागावेल, असं त्यांना वाटलं होतं आणि ती रागावलीच. "तुमच्यामुळे मला कित्येक रात्री झोप नाही, काका," म्हणाली, आणि तरातरा आत गेली. थोड्या वेळाने ललिता प्लॅस्टिकची खुर्ची आणि पाण्याचा तांब्या ठेवून गेली.

पुढच्या सोमवारी त्यांनी काकूंना आणलं. लेकीची पाठवणी करतात तशी रुचिकाने ओटी भरली. काकूंना कशाची ओटी ते कळलं नाही, पण नारळ त्यांनी घट्ट धरून ठेवला. दादा पुढच्या दाराने आत गेले नाहीत. पहिल्या दिवशी घरचं माणूस दिसलं तर त्या मागे लागतील, असं मृणालीने बजावलं होतं. तसं काही होणार नाही हे दादांना माहीत होतं. काकू त्यांना ओळखत कुठे होत्या? तरी त्यांनी ऐकलं, कारण आपण बायकोला मागे लागण्याइतके हवे आहोत, हे कोणीतरी म्हटलेलं त्यांना बरं वाटलं होतं.

तेव्हापासून रोजचा क्रम ठरला. सकाळी रिक्षाने यायचं, उंबराच्या सावलीत खुर्ची टाकायची, गल्लीत कोणी पुठ्ठासुद्धा टाकला तर उचलायला लावायचा. मागचं दार ओढून बघायचं, उघडतंय ना. दाराशेजारच्या खिडकीतून काकूंचा पलंग दिसायचा. त्या कधी केस विंचरून घेत बसलेल्या, कधी शेजारच्या म्हातारीशी हुज्जत घालत. बंगल्यात त्या कधी हसल्याचं दादांना आठवत नव्हतं. इथे एकदा हसल्या, आणि आपल्याशिवाय ती हसते याचं दादांना वाईट वाटलं. मग तसं वाटल्याचीही लाज वाटली. संध्याकाळी परत जायचं. मोठा बंगला, एवढ्या खोल्या, आणि लाइट लावायची एकाच खोलीतली. टीव्ही चालू ठेवायचा, बघायचा नाही. गावात लोक विचारायचे, "काय दादा, कुठं असता हल्ली?" दादा म्हणायचे, "ड्युटीला."

यथावकाश नोटिशीची मुदत संपली. केमिकलवाला गेला. त्याच्या जागी लहान मुलांच्या कपड्यांचे खोके भरणारा आला, आणि आत काय ठेवणार ते दादांनी स्वतः शटर उघडून बघितलं. आमच्याकडच्या गाळेमालकांनी त्यांना त्यासाठी येडा ठरवलं. प्रितेश म्हणाला, "बाबा, आता तिथे बसायची गरज नाही. ठाण्याला या." दादा हो म्हणाले, आणि सकाळी रिक्षात बसून उंबराखाली गेले.

काकू बाहेर आल्या त्या दुपारी दादांचा डोळा लागला होता. काकूंचे हात भाकर थापायचं विसरले नव्हते. हे ललिताच्या ध्यानात आलं होतं, म्हणून ती रोज त्यांना परातीत पीठ द्यायची आणि भाजायचं काम स्वतः करायची. त्या दिवशी काकूंनी भाकर फडक्यात बांधली आणि मागच्या दाराकडे निघाल्या. ललिताने अडवलं नाही. बाहेर कोण बसलंय ते तिला माहीत होतं. ती दारातच थांबली.

काकूंनी आधी उंबराकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग खुर्चीतल्या माणसाकडे.

"तू वाचमन हाय ना?"

दादा उभे राहिले. "हा," म्हणाले.

"घरात बाया-मानसा हायत. दार बंद करू देऊ नको कोनाला."

"न्हाय देत."

काकूंनी फडकं सोडलं. भाकरीचे दोन भाग केले. हात आखडता घेत अर्धी पुढे केली, आणि मग उरलेली अर्धीही फडक्यात गुंडाळून त्यांच्याच हातात दिली. "ही तुझी. आन ही त्येंची. शेतावर हायत ते. तू खाऊन टाकशील, तुम्ही वाचमन लोक सगली खाता. त्येंची त्येना दे."

"देतो."

"मी येऊन गेली म्हून सांग. उशीर झाला, रागवू नको म्हनावं. जेवून घे म्हनावं."

"सांगतो," दादा म्हणाले. त्यांना पुढे बोलायचं होतं, तिचं नाव घ्यायचं होतं. पण वॉचमन मालकिणीचं नाव घेत नाही. काकू ललिताचा हात धरून आत गेल्या आणि वळून बघितलं नाही.

दादांनी आपली अर्धी तिथेच खाल्ली, कोरडीच. दुसरी अर्धी त्यांनी फडक्यात तशीच ठेवली. संध्याकाळी बंगल्यावर आले, स्वयंपाकघरातला दिवा लावला, ताट घेतलं, भाकर ताटात ठेवली आणि टेबलाशी बसले. समोरच्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

"कमल येऊन गेली," ते मोठ्याने म्हणाले. "उशीर झाला, रागवू नको. जेवून घे."

आणि त्यांनी ती भाकर खाल्ली.